सेडानचा डौल आणि डोक्यावरची जागा : प्रदर्शनात गाडी कशी पारखावी

सेडान गाडीचे रूप आणि तिच्या आत डोक्यावर मिळणारी जागा या दोन गोष्टी आपण बहुतेक वेळा वेगवेगळ्या पाहतो. रूप बाहेरून पाहायचे, जागा आत बसून पाहायची आणि घरी आल्यावर दोन्हींची गोळाबेरीज करायची, अशी रीत असते. वास्तविक या दोन्ही गोष्टी एकाच रेषेने ठरतात. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून निघून मागच्या काचेवरून डिकीपर्यंत उतरत जाणारी छताची रेषा जितक्या लवकर खाली येऊ लागते, तितकी गाडी चपळ आणि डौलदार दिसते, आणि तितकेच मागे बसलेल्या माणसाचे डोके छताच्या जवळ जाते. म्हणून प्रदर्शनात नवी सेडान पाहताना मी आधी ती रेषा पाहते आणि मग बाकीच्या गोष्टींकडे वळते.

ही सवय मला एका फसलेल्या खरेदीने लावली. काही वर्षांपूर्वी आम्ही घेतलेल्या सेडानची पाठ इतकी सुरेख उतरलेली होती की सिग्नलला शेजारी थांबलेले लोक वळून पाहत. प्रदर्शनात मी आणि माझे यजमान पुढच्या सीटवर बसलो, मान वळवून मागे पाहिले, पाय ठेवायला भरपूर जागा आहे एवढे एकमेकांशी बोललो आणि पुढच्याच आठवड्यात बुकिंग केले. पुढे सासऱ्यांना घेऊन फलटणला निघालो, तेव्हा दिवे घाट लागायच्या आधीच त्यांनी डोक्यावरची गांधी टोपी काढून मांडीवर ठेवली. सासवड येईपर्यंत ते मान डावीकडे कलती करून बसले होते आणि जेजुरीच्या पुढे एका गतिरोधकावर त्यांचे डोके छताला लागले. त्यांची उंची पाच फूट आठ इंच. त्यांना कोणी उंच म्हणणार नाही. ते काही बोलले नाहीत, परंतु त्यानंतर लांबच्या प्रवासाला ते एस.टी.नेच जाऊ लागले. गाडी बनवणाऱ्यांनी आमच्यापासून काही लपवले नव्हते. मागच्या सीटवर नीट बसून पाहणे हे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते.

घरून निघण्यापूर्वी

पुण्यात मोशीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र, चिंचवडचे ऑटो क्लस्टर, शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालयाचे मैदान अशा ठिकाणी प्रदर्शने भरतात. वाहनांच्या प्रदर्शनाचा खरा उपयोग असा की एकाच सकाळी, त्याच अंगाने आणि त्याच कपड्यांत, चार-पाच गाड्यांमध्ये पाठोपाठ बसून पाहता येते. शोरूममध्ये हे जमत नाही. या रविवारी बाणेरला एक गाडी पाहिली आणि पुढच्या रविवारी हडपसरला दुसरी, तर पहिल्या गाडीत डोके आणि छत यांच्यामध्ये दोन बोटे होती की चार, हे आठवत नाही. रंग आणि डॅशबोर्ड तेवढे लक्षात राहतात. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दीमुळे मागच्या सीटवर दोन मिनिटेही शांतपणे बसू देत नाहीत, म्हणून मधल्या वारी, दारे उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे. सोबत तीन मीटरची मेजपट्टी आणि छोटी वही असावी, आणि गाडीत मागे जी माणसे बसणार आहेत तीही असावीत. आजी-आजोबांना गर्दीत कशाला न्यायचे, असे म्हणून त्यांना घरी ठेवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची बैठी उंची मोजून घ्यावी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी स्टुलावर ताठ बसावे, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी आणि स्टुलाच्या बैठकीपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. हे माप उभ्या उंचीच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते, परंतु नेमके किती अधिक, हे माणसागणिक बदलते. एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचे धड लांब असते. आमच्या घरात माझे यजमान सासऱ्यांपेक्षा दोन इंच उंच आहेत, तरी बसल्यावर दोघांची डोकी एका पातळीत येतात. म्हणूनच ‘सहा फुटी माणूस मागे आरामात बसतो’ हे वाक्य कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी ते आपल्या घराला लागू पडेलच असे नाही.

आणखी एक बाब आधीच समजून घेतलेली बरी. परदेशी माहितीपत्रकांत हेडरूमचा, म्हणजे डोक्यासाठीच्या जागेचा, जो आकडा दिसतो, तो सहसा अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे ११०० या मानकाच्या रीतीने काढलेला असतो. या रीतीत बसलेल्या माणसाच्या कमरेखालचा, मांडी जेथे वळते तो सांधा धरतात. तेथून उभ्या रेषेपेक्षा ८ अंश मागे कललेल्या रेषेवर छताच्या अस्तरापर्यंतचे अंतर मोजतात आणि त्यात १०२ मिलिमीटर मिळवतात. हे १०२ मिलिमीटर म्हणजे त्या सांध्यापासून खाली दबलेल्या सीटपर्यंतचे शरीर होय. याचा अर्थ असा की तो आकडा डोक्यावर उरलेल्या मोकळ्या जागेचा नसतो. सीटवर जेथे बूड टेकते तेथपासून छतापर्यंतच्या उंचीचा असतो. समजा, मागच्या सीटची हेडरूम ९६० मिलिमीटर लिहिली आहे आणि तुमची बैठी उंची ९१० मिलिमीटर भरली, तर डोक्यावर साधारण ५ सेंटीमीटर उरतील, म्हणजे जेमतेम तीन बोटे. पाठ थोडी मागे रेलली की जागा किंचित वाढते, हे खरे. पण हिशेब या टोकापासून सुरू करावा. आपल्याकडच्या बहुतेक माहितीपत्रकांत हा आकडा छापलेलाच नसतो. लांबी, रुंदी, उंची, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर) आणि डिकीचे लिटर एवढेच असतात, आणि म्हणून मेजपट्टी व बोटे यांना पर्याय नाही.

दहा पावले मागून

गाडीजवळ गेले की नजर दिव्यांवर, जाळीवर आणि पडद्यांवर खिळते, म्हणून पहिली पाच मिनिटे गाडीच्या बरोबर बाजूला, दहा पावलांवर उभे राहून घालवावीत. हात पुढे करून माहितीपत्रकाची सरळ कड आडवी धरावी आणि ती छताच्या सर्वांत उंच भागाला टेकल्यासारखी दिसेल अशी जुळवावी. छत कडेपासून कुठे सुटून खाली उतरू लागते, ते पाहावे. उतार पुढच्या सीटच्या पाठीवरच सुरू झाला असेल तर मागच्या माणसाच्या डोक्यावर तो पुरता येणार. मागच्या दाराच्या काचेच्या मध्यापर्यंत छत कडेला धरून राहिले असेल, तर आशेला जागा आहे. त्यानंतर मागच्या सीटचा हेडरेस्ट काचेतून कुठे दिसतो ते पाहावे. तो दाराच्या काचेच्या चौकटीत दिसत असेल तर डोके छताच्या उंच भागाखाली येते. तो छताला मागे आधार देणाऱ्या खांबाआड गेला असेल तर डोके उताराखाली येते आणि बाजूला पाहिले की बाहेरचे दृश्य न दिसता खांबाचे अस्तर दिसते. आत पाऊलही न टाकता गाडीबद्दल इतके कळते, याचे मला अजून अप्रूप वाटते.

या उताराला केवळ नटवेपणा म्हणणे योग्य ठरणार नाही. छत हळूहळू उतरले तर त्यावरून वाहणारी हवा पत्र्याला धरून राहते आणि मागे कमी भोवरे उठतात. छत एकदम तुटले तर हवा सुटते आणि गाडीला मागे ओढते. मायलेज आणि महामार्गावरील शांतता यांचा या रेषेशी संबंध आहे. ह्युंदाईची २०२३ मध्ये आलेली व्हर्ना पाहिली तर छत जवळजवळ डिकीच्या कडेपर्यंत एका ओघात उतरलेले दिसते. तिची उंची १४७५ मिलिमीटर आणि व्हीलबेस २६७० मिलिमीटर आहे. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन्ही गाड्या १५०७ मिलिमीटर उंच आहेत आणि त्यांत छत, मागची काच आणि डिकी असे तीन भाग अधिक स्पष्टपणे वेगळे वाटतात. मला स्वतःला हा दुसरा घाट अधिक आवडतो, कारण त्यात डिकी डिकीसारखी दिसते. पण उतरत्या पाठीची गाडी उभी असतानाही चालती वाटते, हे मान्य करावे लागेल.

छतानंतर चाके पाहावीत. सेडानच्या प्रमाणबद्धतेचा एक जुना ठोकताळा असा आहे की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्याच मापाची आणखी तीन चाके बसावीत. हे उभ्या उभ्या नजरेने मोजता येते. व्हर्टसच्या २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६३ सेंटीमीटर भरतो आणि तिचा व्हीलबेस २६५१ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन चाकांमध्ये सुमारे दोन मीटर मोकळे राहतात आणि त्यात तीन चाके बसून थोडी जागा उरते. या मोजणीत तीनहून बरीच अधिक चाके बसू लागली की गाडीची चाके अंगाच्या मानाने लहान दिसतात आणि पत्र्याचा भार खाली लोंबल्यासारखा वाटतो. प्रदर्शनातील गाडीला बहुधा सर्वांत महागड्या प्रकाराची मोठी अलॉय चाके असतात, याचे भान ठेवावे. आपण जो प्रकार घेणार त्याला लहान चाक असेल तर तीच गाडी वेगळी दिसेल. संकल्पना म्हणून मांडलेली गाडी असेल, तर तिच्या चाकांवरून आणि छतावरून काहीच गृहीत धरू नये, कारण प्रत्यक्ष उत्पादनात येताना चाके लहान होतात आणि छत वर जाते.

पुढचे चाक आणि पुढच्या दाराची कड यांतील अंतर हेही रूपाचे मोठे अंग आहे. चाकणलाच जुळणी होणाऱ्या मर्सिडीज-बेंझच्या सी-क्लास आणि ई-क्लासमध्ये इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले असते आणि ओढ मागच्या चाकांना असते, त्यामुळे पुढचे चाक बरेच पुढे सरकते आणि बॉनेट लांब, रुबाबदार दिसते. आपल्या आवाक्यातील बहुतेक सेडानमध्ये इंजिन आडवे असते आणि ओढ पुढच्या चाकांना असते. चाक दाराच्या जवळ येते आणि बंपर चाकाच्या पुढे अधिक डोकावतो. याला दोष म्हणू नये, कारण याच मांडणीमुळे आतल्या माणसांना जागा मिळते. दोष तेव्हा म्हणावा, जेव्हा ही मांडणी झाकण्यासाठी बॉनेटवर आणि दारांवर इतक्या धारदार घड्या घातलेल्या असतात की डोळ्याला टेकायला एकही शांत जागा राहत नाही.

पत्रा पाहण्यासाठी मांडवातील दिव्यांचाच उपयोग करावा. गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर बसून दारांवरून पुढे नजर टाकली की वरच्या दिव्यांच्या रांगा पत्र्यावर लांब रेषांसारख्या पडलेल्या दिसतात. त्या रेषा दारांच्या फटी ओलांडताना न मोडता वाहत गेल्या पाहिजेत. मध्येच त्या थरथरल्या किंवा तुटल्या तर पत्रा तेथे सपाट नाही, किंवा दार नीट बसलेले नाही. पांढऱ्या गाडीवर हे कळत नाही, काळ्यावर धूळ आणि चमक यांतून फारसे समजत नाही. चंदेरी किंवा करड्या गाडीवर घाट सर्वांत प्रामाणिकपणे दिसतो. गाडी उंच मंचावर किंवा फिरत्या चकतीवर ठेवली असेल, तर आपली नजर तिच्या खिडक्यांच्या रेषेच्या खाली राहते आणि ती आहे त्यापेक्षा भारदस्त वाटते. त्याच नमुन्याची जमिनीवर ठेवलेली गाडी शेजारी असेल, तर मत तिच्यावरून बनवावे.

खिडक्यांविषयी थोडे. दारांचा पत्रा वर चढवून काच अरुंद केली की गाडी बाहेरून दणकट दिसते. पण मागे बसलेल्या लहान मुलाला त्यातून आभाळ आणि विजेच्या तारा एवढेच दिसते. बाजूने पाहिलेल्या उंचीत सुमारे एक तृतीयांश काच असावी, असे मी मानते.

चार मीटरच्या आतली सेडान

पुण्यातील रस्त्यांवर ज्या सेडान सर्वाधिक दिसतात, त्यांपैकी बऱ्याच चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, म्हणजे ३९९५ मिलिमीटर लांब आहेत. हा योगायोग नव्हे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्याआधी, २००२ च्या अखेरीस, पिंपरीहून टाटांची इंडिगो आली होती, ती चार मीटरहून लांब होती. २००८ मध्ये तिचीच डिकी आखडून इंडिगो सीएस आली. मारुतीची डिझायरही २००८ मध्ये चार मीटरपेक्षा लांब होती आणि २०१२ मध्ये ती ३९९५ वर आणली गेली. कराची ही सीमा आजही आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना १८ टक्के आणि इतर गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागतो.

या सीमेचा परिणाम रूप आणि हेडरूम या दोहोंवर झाला, आणि तो परस्परविरुद्ध झाला. लांबी आखडल्यामुळे माणसांना ताठ आणि उंच बसवावे लागते, म्हणून छत उंच ठेवावे लागते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली नवी डिझायर १५२५ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे तिच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक लांब असलेल्या व्हर्नापेक्षा ५० मिलिमीटर उंच. उंच छत आणि आखूड डिकी यांची जुळणी करणे अवघड असते. या वर्गातील गाडी पाहताना मागच्या चाकाच्या बरोबर बाजूला उभे राहून एवढेच पाहावे की मागच्या काचेचा उतार डिकीत सहज मिसळतो, की हॅचबॅकला, म्हणजे वेगळी बाहेर आलेली डिकी नसलेल्या गाडीला, मागून पेटी चिकटवल्यासारखी डिकी वेगळी पडते. जुन्या गाड्यांत ती हमखास वेगळी पडत असे. अलीकडच्या डिझायर आणि होंडाच्या अमेझमध्ये हा सांधा बराच सुधारला आहे, आणि तो सुधारताना मागचे छत किती खाली आले, हे आत बसूनच कळेल.

मागच्या सीटवर

मांडवात उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलांना आपण आधी चालकाच्या जागी बसावे असे वाटते. “काकू, एकदा स्टिअरिंगवर बसून तर बघा,” असे मला दरवेळी ऐकावे लागते आणि दरवेळी मी सांगते, “आधी मागे बसू द्या, बाळ.” चालकाची सीट वरखाली होते, मागची होत नाही. म्हणून कस मागच्या सीटवरच लागतो.

तरी मागे बसण्याआधी एक काम करावे. जो गाडी चालवणार त्याने पुढची सीट आपल्या सोयीने लावावी, सीट वर करण्याची सोय असेल तर ती नेहमीच्या उंचीला आणावी, आणि मगच मागचे दार उघडावे. गाडी बंद करून ठेवलेली असेल, तर विजेवर सरकणारी सीट हलत नाही. अशा वेळी विक्रेत्याला गाडी चालू करायला सांगण्यात संकोच करू नये.

आत शिरतानाच पहिली परीक्षा होते. उतरत्या छताच्या गाडीत मागच्या दाराची वरची कड मागे जाताना खाली झुकते आणि आत जाणाऱ्याचे कपाळ किंवा डोक्याची बाजू तिला लागते. तरुण माणूस नकळत वाकून जातो, त्यामुळे त्याला हे जाणवतही नाही. म्हणून घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला, कोणतीही सूचना न देता, आत जाऊ द्यावे आणि आपण बाजूला उभे राहून पाहावे. माझ्या सासूबाई आधी बूड टेकवून मग पाय आत घेतात. या रीतीत डोके दाराच्या कडेखालून मागे सरकत जाते, आणि एका गाडीत त्यांच्या अंबाड्यातला गजरा कडेला घासून खाली पडला, तेव्हाच ती गाडी आमच्या यादीतून गेली.

बसल्यावर कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवावी. थोडे पुढे घसरून बसले की प्रत्येक गाडीत जागा पुरेशी वाटते, आणि प्रदर्शनात आपण पाहुण्यासारखे अवघडून, घसरूनच बसतो. दोन मिनिटे गप्पा माराव्यात, अंग सैल पडू द्यावे, आणि मग मोजावे. टाळूवर बोटे आडवी, एकावर एक अशी रचून छताच्या अस्तरापर्यंत किती बसतात ते पाहावे. चार बोटे बसली, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर, तर निश्चिंत राहावे. दोन बोटांपेक्षा कमी असेल तर ती जागा आपल्या रस्त्यांसाठी नाही, कारण गतिरोधकावरून मागचे चाक उतरताना मागे बसलेला माणूस सीटवरून थोडा उचलला जातो आणि ती दोन बोटे तेथेच संपतात.

टाळूवरचे माप पुरेसे नसते. डोक्याच्या मागच्या बाजूपासून छतापर्यंतचे अंतरही पाहावे, कारण छत मागे उतरत जाते आणि मान हेडरेस्टला टेकवली की डोके सर्वांत अरुंद भागात जाते. तिसरे माप बाजूचे असते. दाराच्या वरून जाणारी छताची कड जाड असते, तिच्यात पडदेवजा एअरबॅग असली तर अधिकच. वळणावर डोके त्या बाजूला झुकते. खंबाटकी घाटाच्या वळणांवर बाजूची ही चार बोटे वरच्या चार बोटांपेक्षा अधिक कामाला येतात. वर, मागे आणि बाजूला, अशी तीन मापे वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहावीत.

आता त्या उपायांकडे पाहावे, ज्यांनी कमी उंचीच्या छताखाली हेडरूम काढलेली असते. पहिला उपाय म्हणजे डोक्यावरच्या भागात अस्तर वाटीसारखे खोल घेणे; हा चांगला उपाय आहे, फक्त डोके थोडे पुढे किंवा बाजूला गेले की त्याचा लाभ जातो. दुसरा उपाय म्हणजे सीटची पाठ अधिक मागे कलवणे. याने अर्धा तास छान वाटते, मग मान पुढे काढून बोलावे लागते आणि ती दुखते. तिसरा आणि सर्वांत छुपा उपाय म्हणजे सीटची बैठक खाली बसवणे. डोक्यावर जागा मिळते, पण गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. हे ओळखण्याची रीत सोपी आहे : पाय जमिनीवर सपाट ठेवून तळहात गुडघ्याजवळून मांडीखाली सरकवावा. तो अडथळ्याशिवाय बराच आत गेला, तर ती हेडरूम मांड्यांच्या आधाराची किंमत देऊन घेतलेली आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला अशा खोल सीटवरून उठताना दाराच्या वरची मूठ धरून स्वतःला ओढावे लागते, आणि ते पाहवत नाही.

मधल्या जागेचीही दखल घ्यावी. छत मध्यभागी सर्वांत उंच असते, म्हणून तेथे जागा अधिक मिळेल असा समज होतो. परंतु मधली बैठक बहुधा फुगीर आणि टणक असते, आणि मधल्या माणसाचे डोके इतर दोघांपेक्षा वर येते. पाच माणसांचे घर असेल, तर तिघांनी खरोखर एका वेळी मागे बसून पाहावे. खांदे एकमेकांत अडकले की कडेचे दोघे बाहेर सरकतात आणि बाजूचे माप बदलते.

सनरूफचे काय

सध्या प्रदर्शनात सनरूफ नसलेली सेडान मिळणेच कठीण, कारण मांडतात तो वरचा प्रकार, आणि आता डिझायरसारख्या लहान सेडानलाही सनरूफ मिळू लागले आहे. सनरूफची काच, तिची चौकट, सरकण्याची खोबण आणि आतला पडदा हे सारे छत आणि अस्तर यांच्या मध्ये बसवावे लागते, त्यामुळे अस्तर खाली येते. इंचभर जागा यात सहज जाते. सेडानमध्ये काच पुढच्या सीटांवर असते, पण उघडताना ती मागे सरकते. चौकटीचा मागचा भाग कधी पुढच्या माणसाच्या टाळूमागे संपतो, कधी मागच्या माणसाच्या कपाळापर्यंत येतो. बोटाने अस्तर चाचपून ती जाड कड कुठे संपते, ते शोधावे. मागच्या माणसाच्या डोक्याच्या आधी ती संपत असेल तर त्याचे नुकसान नाही. चालकाचे मात्र असू शकते, म्हणून उंच चालकाने सीट सर्वांत खाली करून आरशाच्या वर कपाळासमोर किती जागा राहते आणि सिग्नलचा दिवा मान न वाकवता दिसतो का, तेही पाहावे. माझे मत विचाराल तर पुण्याच्या उन्हात आणि धुळीत वर्षातून जेमतेम काही दिवस उघडल्या जाणाऱ्या खिडकीसाठी वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरचा इंच देऊ नये. त्याच नमुन्याच्या सनरूफ नसलेल्या प्रकारात फरक किती पडतो, ते शोरूममध्ये दोन्ही शेजारी मागवून बोटांनी मोजावे.

छापील उंचीवरून काय समजते

बाहेरून उंच असलेली गाडी आतूनही उंच असेल असे गृहीत धरले जाते. होंडा सिटी १४८९ मिलिमीटर उंच आहे आणि व्हर्टस १५०७; म्हणजे १८ मिलिमीटरचा फरक. आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर, वजा करावा : सिटीचा १६५ आणि व्हर्टसचा १७९ मिलिमीटर. उरतात १३२४ आणि १३२८. बाहेरून बोटभर दिसणारा फरक चार मिलिमीटरवर आला, कारण व्हर्टसच्या जादा उंचीचा बराचसा वाटा गाडीच्या तळाखालच्या मोकळ्या जागेत गेला आहे. ग्राउंड क्लिअरन्स गाडीच्या तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून मोजतात, आणि त्या बिंदूपासून आतल्या फरशीपर्यंतचे अंतर गाडीगणिक वेगळे असते, त्यामुळे ही वजाबाकी अचूक हेडरूम देणार नाही. मात्र माहितीपत्रकातील उंचीवरून कोणती गाडी पाहायची आणि कोणती वगळायची हे ठरवणाऱ्याला ती थांबवण्यापुरती नक्की उपयोगी पडते.

प्रदर्शनानंतर

वहीतील मापांवरून दोन, फार तर तीन गाड्या उरतात. त्या पुन्हा एकदा दिवसाउजेडी, उघड्यावर पाहाव्यात, कारण मांडवातील दिव्यांखाली मोहक वाटलेला रंग आणि घड्या दुपारच्या उन्हात सपाट पडू शकतात. मागून तिरक्या कोनातून अधिक वेळ पाहावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी जिन्यावरून उतरताना गाडी आपल्याला त्याच बाजूने दिसणार असते. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा विक्रेत्याने ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्याऐवजी गतिरोधकांचा रस्ता मागून घ्यावा, मागे वडीलधाऱ्यांना नेहमीची टोपी किंवा नेहमीचा अंबाडा घालून बसवावे, आणि त्यांना काही न विचारता आरशातून पाहत राहावे. आमच्या दुसऱ्या खेपेच्या चाचणीत सासरे वारज्याच्या सेवा रस्त्यावरचे तीन गतिरोधक ओलांडेपर्यंत टोपी घालूनच बसले होते आणि चौथ्याच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली.